पिन अडकते, सुई उडते: नव्या टर्नटेबलवरचा नेहमीचा त्रास

नवं टर्नटेबल, पहिलीवहिली एलपी (लांब वाजणारी मोठी रेकॉर्ड), आणि तिसऱ्या गाण्यात एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. नाहीतर उलटं: कडवं निम्म्यावर आलेलं असतं आणि सुई टुणकन पुढे. रेकॉर्डशी नुकतीच गाठ पडलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. एक जण म्हणतो रेकॉर्ड बदलून घे, दुसरा म्हणतो टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या आडव्या नळीच्या, डोक्यावर नाणं ठेव. पहिल्याने बहुतेक वेळा काहीच साधत नाही, दुसऱ्याने रेकॉर्डची वाट लागते.

माझं म्हणणं एवढंच: काही बदलण्याआधी, पिळण्याआधी किंवा वजन ठेवण्याआधी सुई कुठे उडते, कधी उडते आणि कुठल्या दिशेने उडते हे नीट बघा. दोष रेकॉर्डमध्ये असेल, यंत्रात असेल किंवा यंत्राखालच्या टेबल-जमिनीत असेल. तिन्हींची उडण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि ती ओळखता आली की निम्मं काम झालं.

आधी खात्री: सुई खरंच उडतेय का?

हल्लीची बरीच टर्नटेबलं ब्लूटूथवर चालतात, आणि ब्लूटूथ तुटलं की ऐकणाऱ्याला रेकॉर्डच उडाल्यासारखी वाटते. फरक सोपा आहे. ब्लूटूथ तुटतं तेव्हा मध्ये क्षणभर शांतता येते आणि गाणं पुढे जिथे असायला हवं तिथूनच सुरू होतं. सुई उडते तेव्हा शांतता नसते. एक 'टप्' ऐकू येतो आणि शब्दाला भलताच शब्द चिकटतो. शंका असेल तर स्पीकर वायरने जोडून तोच भाग पुन्हा ऐका.

दुसरा गैरसमज बाजू संपल्यावरचा. शेवटच्या गाण्यानंतर सुई लेबलजवळ येते आणि तिथे 'टक्... टक्...' करत गोल फिरत राहते. हा बिघाड नाही. सुई जिच्यातून फिरते ती खाच तिथे मुद्दामच बंद वर्तुळात कोरलेली असते, म्हणजे सुई लेबलवर चढत नाही. हाताने चालवायच्या टर्नटेबलवर आपण उठून टोनआर्म उचलायचा, इतकंच.

आणि हे विचारायला मलाच ओशाळल्यासारखं होतं, पण विचारतो: सुईवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलंय ना? टोनआर्म अडकवून ठेवणारी क्लिप सोडली आहे ना? नव्या खोक्यातून काढलेल्या यंत्रांमध्ये या दोन गोष्टी राहून जातात. सुई रेकॉर्डवर ठेवताच घसरगुंडीवरून घसरावी तशी सरळ लेबलपर्यंत गेली, तर पहिला संशय झाकणावर. झाकण काढलेलं असूनही तसंच होत असेल तर सुईच्या टोकाचा हिरा तुटून पडला असण्याची शक्यता मोठी. भिंगातून बघा: बारीक धातूच्या काडीच्या टोकाला खाली रोखलेला ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर त्या सुईने पुढे एकही रेकॉर्ड वाजवू नका.

जागा आणि दिशा

एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुई मागे पडून तेच तेच वाजवत असेल, तर पुन्हा येणारा तुकडा साधारण 1.8 सेकंदांचा असतो, कारण ती दर फेऱ्याला एकच वळण मागे सरकते. गाणं अडकलेलं नाही, पण दर 1.8 सेकंदाला 'टक्' येतोय, असं असेल तर अनेक वळणांना आडवा छेद देणारा ओरखडा आहे. 45 फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डवर हाच काळ 1.33 सेकंद. 'टक्' मात्र अनियमित येत असेल तर ती धूळ किंवा स्थिर वीज, आणि तिचा उडण्याशी फारसा संबंध नाही.

आता चाचणी. उडणारी जागा तीन-चारदा वाजवा. दर वेळी नेमक्या त्याच शब्दावर उडत असेल तर आधी रेकॉर्ड बघायची. कधी इथे कधी तिथे, आणि हाती येईल त्या प्रत्येक रेकॉर्डवर उडत असेल तर यंत्र. कुणी शेजारून चाललं, दार आपटलं किंवा आवाज वाढवला की उडत असेल तर टेबल किंवा जमीन.

दिशाही बोलकी असते. सुई पुढे, म्हणजे लेबलच्या बाजूला उडत असेल, तर तिच्यावरचं वजन कमी पडतंय किंवा टोनआर्मला आत खेचणाऱ्या ओढीला पुरेसा उतारा मिळत नाहीये. मागे पडून तेच तेच वाजत असेल तर खाचेत काहीतरी अडलंय, किंवा टोनआर्मला आत सरकताना कुठेतरी अटकाव होतोय. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्याने कळतं.

तीच जागा, तोच शब्द

एलपीची एक बाजू 22 मिनिटांची धरली तर 733 फेरे होतात, आणि ते सगळे साडेआठ सेंटीमीटरच्या पट्ट्यात बसवलेले असतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ-नऊ वळणं. एवढ्या बारीक जागेत डोळ्यांना जेमतेम दिसणारा कणसुद्धा सुईला शेजारच्या वळणात ढकलायला पुरतो. म्हणून 'ओरखडा असणार' म्हणून हात टेकण्याआधी रेकॉर्ड स्वच्छ करा. ओरखडा म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी रेकॉर्डमध्ये निव्वळ चिकटलेली घाण असते, विशेषतः जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या रेकॉर्डमध्ये.

आधी कार्बन फायबरचा ब्रश. रेकॉर्ड फिरत असताना तो अलगद टेकवायचा, दोन-तीन फेरे धरायचा आणि बाहेरच्या कडेकडे सरकवत उचलायचा. तेवढ्याने भागलं नाही तर ओली सफाई: डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. पुसायचं ते खाचेच्या वळणाने, आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढून टाकायचा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत सुकून बसतात. कागदी लेबल भिजू द्यायचं नाही. रेकॉर्ड उभी ठेवून आपोआप वाळू द्यायची. केस वाळवायचं यंत्र लावलंत तर रेकॉर्ड वाकडी होईल, आणि मग उडण्याचं नवंच कारण मिळेल.

इथे एक सावधगिरी. 78 फेऱ्यांच्या जुन्या, जड, पटकन फुटणाऱ्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाजारातल्या काही सफाईच्या द्रवांत अल्कोहोल असतं. ते त्यांना लावायचं नाही.

सफाईनंतरही तीच जागा अडत असेल तर तिरप्या प्रकाशात भिंगाने बघा. खाचेत रुतलेला कण दिसला, तर लाकडी टूथपिकच्या टोकाने, खाचेच्या दिशेने, अजिबात जोर न लावता तो हलवता येतो. धातूची टाचणी नको. कण नसून खरोखरच खोल ओरखडा असेल आणि तो नखाला लागत असेल, तर ती जागा सुधारत नाही. बाजारात त्यावर 'उपाय' म्हणून काय काय मिळतं, त्यावर पैसे घालवू नका.

मग राहते नवी कोरी रेकॉर्ड, जी एकाच जागी उडते. इथेच मुलं सर्वांत जास्त चिडतात, आणि इथेच 'रेकॉर्ड बदलून घे' हा सल्ला सर्वांत जास्त फसतो. कारण असं: खर्जाचा आवाज खाचेत रुंद वळणांनी कोरला जातो. ती वळणं फार रुंद होऊ नयेत म्हणून रेकॉर्ड कोरतानाच खर्ज कमी करतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) तो पुन्हा वाढवतो. आरआयएए नावाचं हे प्रमाण 1954 पासून चालत आलंय. तरीही दणदणीत बेस आणि ड्रमच्या जागी सुईला चांगलीच डावी-उजवी धाव घ्यावी लागते. स्वस्त किंवा चुकीच्या वजनावर लावलेली सुई तिथे खाच सोडून उडते. बदलून आणलेली दुसरी प्रतही मग त्याच जागी उडते. म्हणून दुकानात परत जाण्याआधी ती रेकॉर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी बऱ्यापैकी टर्नटेबलवर वाजवून बघा. तिथेही त्याच शब्दावर उडाली तर छपाईचा दोष, खुशाल परत करा. तिथे नीट वाजली तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

टोनआर्मचं वजन: खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो

नवख्यांचा एक ठाम समज असतो की सुईवर वजन जितकं कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. वजन कमी पडलं की सुई खाचेत घट्ट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते, आणि प्रत्येक आपटण्यात खाचेचा थोडा थोडा चुरा करते. कार्ट्रिज (टोनआर्मच्या डोक्यातला, सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत राहायचं, आणि शंका असेल तर मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम95ई कार्ट्रिजसाठी 1.8 ते 2.2 ग्रॅम, ऑर्टोफोनच्या 2एम रेडसाठी 1.6 ते 2.0 ग्रॅम. स्वस्त यंत्रांवर सर्रास दिसणाऱ्या एटी3600एलला मात्र 2.5 ते 3.5 ग्रॅम लागतात. 'मित्राने दोनवर ठेवलंय' म्हणून आपणही दोनवर ठेवलं आणि कार्ट्रिज एटी3600एल असली, तर सुई उडणारच.

वजन लावायची रीत अशी. अँटिस्केटची (टोनआर्मला बाहेरच्या बाजूला ओढणाऱ्या सोयीची) चकती शून्यावर आणा. सुईवरचं झाकण काढा, क्लिप सोडा, टोनआर्म उचलायचा दांडा खाली करा आणि टोनआर्म थाळीच्या (रेकॉर्ड ठेवतो त्या फिरत्या तबकाच्या) अलीकडे, मोकळ्या जागेवर हाताने धरून ठेवा. म्हणजे सुई कशावरही आपटणार नाही. आता टोनआर्मच्या मागच्या टोकाचं काउंटरवेट (तोल साधणारं वजन) हळूहळू फिरवत जा. हात सोडल्यावर टोनआर्म वरही जात नाही, खालीही येत नाही, हवेत आडवा तरंगतो, ती जागा सापडली की थांबा. टोनआर्म परत टेकणीवर ठेवून क्लिप लावा. काउंटरवेट जागेवर घट्ट धरून फक्त त्याच्या पुढची आकड्यांची रिंग फिरवा आणि शून्य रेघेसमोर आणा. मग काउंटरवेट आणि रिंग दोन्ही एकत्र फिरवत हवा तो आकडा रेघेसमोर आणा.

चूक होते ती शेवटच्या दोन पायऱ्यांत. बरेच जण दुसऱ्या वेळीही फक्त रिंगच फिरवतात. आकडा दोन दिसतो, पण काउंटरवेट हललेलंच नसतं, म्हणजे सुईवर वजन शून्य. अशी सुई पहिल्याच मोठ्या ठोक्याला उडते. दुसरी चूक म्हणजे टोनआर्म नीट तरंगायच्या आधीच रिंग शून्यावर आणणं. तिथून पुढचे सगळे आकडे खोटे. सुईसाठीचे छोटे डिजिटल वजनकाटे मिळतात, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. टर्नटेबलवर पहिला जास्तीचा खर्च कुठला करावा असं विचाराल तर मी हाच सांगेन. महागडी मॅट आणि सोनेरी टोकांच्या वायरी नंतर.

वजन लागलं की अँटिस्केट. डोकं किंचित आत वळवलेल्या टोनआर्मवर रेकॉर्ड फिरताना ओढ पडते आणि तो लेबलच्या दिशेने खेचला जातो. अँटिस्केट त्याला तेवढंच बाहेर ओढतं. आकडा सुईच्या वजनाइतकाच ठेवून सुरुवात करा. अँटिस्केट कमी असेल तर सुई आतल्या भिंतीवर रेलते, तिथे डावा चॅनेल असतो. बाहेरच्या भिंतीवरची, म्हणजे उजव्या चॅनेलची पकड सुटते. म्हणून उजव्या स्पीकरमधून आवाज फाटका येत असेल आणि सुई पुढे पुढे उडत असेल, तर अँटिस्केट थोडं वाढवा. डावीकडून फाटत असेल आणि सुई मागे पडत असेल तर कमी करा.

फक्त शेवटच्या गाण्यांमध्ये उडणं, ही तक्रार वेगळी हाताळावी लागते. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ फक्त 21. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं, त्यामुळे वजन आणि अँटिस्केटच्या बारीकसारीक चुका तिथे उघड्या पडतात. पण यंत्र जुनं आणि आपोआप परतणारं असेल तर आणखी एक कारण असतं. बाजू संपत आली की टोनआर्म आतला एक खटका ढकलायला लागतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रात तिथलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं, खटका हलत नाही आणि सुई तिथेच अडकते. ओळखायचं असं: टोनआर्म पुन्हा हवेत तरंगता ठेवा, अँटिस्केट शून्यावर, आणि बोटाच्या अगदी हलक्या स्पर्शाने कडेपासून लेबलपर्यंत न्या. वाटेत कुठेही अडखळला, तर दोष यांत्रिक आहे. त्यावर वजन वाढवणं हा उपाय नव्हे. यंत्र उघडून जुनं ग्रीस काढावं लागेल, आणि ते जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

सुईवरचा कापसासारखा गोळाही विसरू नका. वाजता वाजता आवाज एकदम मंद, दबका झाला आणि मग सुई उडायला लागली, तर बहुतेक तोच. सुई साफ करायची ती मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या मुळाकडून टोकाकडे. आडवं किंवा उलटं घासलं तर काडी वाकते. बोटाने तर नाहीच.

टेबल आणि जमीन

कुणी चाललं की उडते, यावर टर्नटेबलमध्ये काही शोधत बसू नका. जड, न डुलणारं टेबल किंवा भिंतीला ठोकलेली फळी, आणि स्पीकर त्याच फळीवर ठेवायचे नाहीत. स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचला की तो पुन्हा स्पीकरमधून निघतो, आवाज वाढवत नेला की 'घूंऽऽ' सुरू होतं आणि मग सुई उडते. थाळी सपाट आहे की नाही ते पाणसळ ठेवून बघा. फोनमधलं पाणसळीचं अ‍ॅपही चालतं, फक्त फोनच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा थाळीच्या बाहेर राहील असा फोन ठेवा, नाहीतर सपाट थाळीही तिरपी दिसेल.

सुटकेससारख्या पेटीत येणाऱ्या प्लेअरबद्दल बरंच वाईट बोललं जातं. मुलांना पहिलं यंत्र बहुधा हेच मिळतं, म्हणून त्याबद्दल थोडं. स्पीकर त्याच पेटीत, थाळी एलपीपेक्षा लहान, टोनआर्म हलका, आणि वजन कमीजास्त करायची सोय नाही. म्हणजे वर सांगितलेले निम्मे दोष त्यात जन्मजातच आहेत. त्यावर सुई उडते म्हणून त्या यंत्राची लाज वाटून घ्यायचं कारण नाही, पण त्याच्याकडून फार अपेक्षाही नकोत. मागे आउटपुट असेल तर बाहेरचे स्पीकर जोडा आणि आतल्यांचा आवाज बंद करा. एवढ्यानेच पेटीचा हादरा जातो. नाणं ठेवायचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो. यातल्या सिरॅमिक कार्ट्रिज आधीच पाच-सहा ग्रॅम वजनाने चालतात, त्यावर आणखी भर घातली की खाच आणि सुई दोन्ही झिजतात. एखादी आवडती रेकॉर्ड त्यावर हटकून उडत असेल, तर ती बाजूला ठेवा आणि बरं यंत्र आल्यावर वाजवा.

जुन्या प्लेअरवर सुई उलटवायची छोटी पट्टी दिसली तर ती कुठल्या बाजूला आहे तेही बघा. 1948 मध्ये एलपी आली तेव्हा खाच बरीच अरुंद झाली. 78 च्या रेकॉर्डसाठीच्या सुईचं टोक साधारण 75 मायक्रॉन त्रिज्येचं असतं, एलपीच्या सुईचं 18 च्या आसपास. 78 ची बाजू खाली ठेवून एलपी लावली तर टोक खाचेत उतरतच नाही, वरच्या वर सरकत जातं.

एवढं सगळं करूनही उडत असेल तर सुईचं वय आठवा. साध्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण 300 ते 500 तास असतं, स्वस्त पेट्यांमध्ये बऱ्याचदा नीलमण्याचं टोक असतं आणि ते त्याहून खूपच लवकर झिजतं. दुसऱ्याच्या हातून आलेल्या टर्नटेबलवर किती तास झालेत ते सहसा कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तिथे नवी सुई गृहीतच धरावी. मागवताना टर्नटेबलचं नाव देऊ नका, कार्ट्रिजवर छापलेला क्रमांक द्या. एकाच टर्नटेबलवर आधीच्या मालकाने कार्ट्रिज बदललेली असू शकते. आणि नवी सुई बसवताना ती 'कट्' आवाज होऊन पूर्ण आत गेली ना, ते बघा. अर्धवट बसलेली सुईसुद्धा उडतेच.